किटलीची फाइल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लष्करी खरेदीवरचं आमचं दोन अंकी प्रहसन इंदुरात सुरू झाल्यापासून लोक सारखं काही ना काही विचारतात. कोणी व्हॉट्सॲपवर, कोणी मध्यंतरात चहाच्या रांगेत, तर कोणी प्रयोग संपल्यावर थेट विंगेत येऊन. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्यांना नाटक अजून बघायचं आहे त्यांनी ३ आणि ५ ही उत्तरं सध्या वाचू नयेत, गंमत फुटेल.

१. नाटक नेमकं कशावर आहे?

पंधरा हजार फुटांवरच्या एका ठाण्यातली चहाची किटली गळायला लागते. नायब सुभेदार नवी किटली मागतो. पहिला प्रवेश एवढाच आणि तो चार मिनिटांत संपतो. पुढचं सगळं नाटक दिल्लीतल्या एका खोलीत घडतं. तिथे किटली कोणी पाहिलेली नसते, पण तिच्याबद्दल प्रत्येकाचं मत असतं. शेवटी किटली मिळते का, हे सांगणार नाही.

२. म्हणजे तुम्ही सैन्याची टिंगल करता?

नाही. महू इथून हाकेच्या अंतरावर आहे. इन्फंट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज, दूरसंचार अभियांत्रिकीचं लष्करी महाविद्यालय, सगळं तिथेच. त्यामुळे आमच्या प्रेक्षागृहात दोन-तीन रांगा तरी निवृत्त फौजींच्या असतात. जुनी किटली ‘राइट ऑफ’ करायला तीन अधिकाऱ्यांचं बोर्ड बसतं त्या प्रवेशाला सर्वांत मोठा हशा त्याच रांगांतून येतो. एक निवृत्त क्वार्टरमास्टर तर म्हणाले, “तुम्ही फारच सौम्य लिहिलंय हो.”

मात्र गणवेशातले सगळे शहाणे आणि बाबू सगळे मूर्ख, अशी सोपी वाटणी आम्ही केलेली नाही. किटली कशी हवी याचे निकष गणवेशातलेच लोक लिहितात, आणि तिथेच पहिली माशी शिंकते.

३. पाणी १०० अंशांना उकळत नाही म्हणून किटली नापास होते. हे जरा अतीच नाही का?

भौतिकशास्त्र खरं आहे, फाइल आमची आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. पंधरा हजार फुटांवर ते साधारण ८५ अंशांनाच उकळतं, मग किटली चांदीची असो नाहीतर जर्मनची. नाटकात निकष लिहिणाऱ्याने ‘पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळले पाहिजे’ असं लिहून ठेवलेलं असतं. साहजिकच ठाण्यावर चाचणीला आलेली प्रत्येक किटली नापास. मग कोणीतरी सुचवतं, चाचणी महूला घ्या. इंदूर-महूची उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणून इथेही पाणी ९८ अंशांनाच उकळतं. पुन्हा नापास. शेवटी किटली मुंबईत, समुद्रकिनारी पास होते, आणि समुद्रसपाटीवर पास झाली म्हणून फाइल नौदलाकडे जाते.

निकष बदलून टाका की, असं प्रेक्षकांतून दरवेळी कोणीतरी पुटपुटतं. निविदा निघाल्यावर अत्यावश्यक निकष शिथिल करणं हे फार वरच्या पातळीवरचं काम आहे, आणि ज्याने मागणी केली त्याच्यावरच पहिला संशय येतो : कोणत्या कंपनीसाठी? म्हणून नाटकात प्रत्येकाला चूक दिसते आणि ती दुरुस्त करण्याची सूचना कोणीही लेखी देत नाही.

४. मला खरेदीची प्रक्रिया कळत नाही. आधी काही वाचून यावं लागेल का?

नाही. पण क्रम माहीत असला तर हसायला जास्त जागा मिळतात. आधी सेनादलाचा विभाग गरज मांडतो आणि गुणात्मक निकष लिहितो. बाजारात काय मिळतं याची माहिती मागवली जाते. मग ‘गरज मान्य’ होते, म्हणजे एओएन. मोठ्या प्रकरणांत हे काम संरक्षण संपादन परिषद करते. ही परिषद कारगिलनंतरच्या सुधारणांतून २००१ मध्ये आली. त्यानंतर निविदा, तांत्रिक मूल्यमापन, प्रत्यक्ष मैदानी चाचण्या, चाचण्यांच्या अहवालाचं मूल्यमापन, मग किमतीची पाकिटं उघडायची. तांत्रिकदृष्ट्या पास झालेल्यांत सर्वांत स्वस्त तो ‘एल-वन’. त्याच्याशी वाटाघाटी, वित्त विभागाची संमती, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी आणि करार.

संरक्षण खरेदी कार्यपद्धतीचं पहिलं पुस्तक २००२ मध्ये आलं. पुढे ते २००६, २००८, २०११, २०१३, २०१६ असं बदलत गेलं आणि २०२० मध्ये त्याचं नावही बदललं. नाटकात २०२०ची कार्यपद्धती धरली आहे. पहिल्या अंकात एक पात्र अर्ध्यावर येऊन “साहेब, नवीन पुस्तक आलं” एवढंच म्हणतं आणि सगळे फाइल पहिल्या पानावर नेतात, त्याला हा संदर्भ आहे.

५. किटली भांडवली खरेदीत येतच नाही. लेखकाला साधा डीपीएमही माहीत नाही का?

हा प्रश्न नेहमी संरक्षण लेखा खात्यातून निवृत्त झालेल्या काका-काकूंकडून येतो, आणि त्यांचं बरोबर आहे. किटली, बूट, ताडपत्री अशा वस्तू महसुली, म्हणजे रोजच्या खर्चाच्या खरेदीत मोडतात. प्रश्न ४ मधलं पुस्तक भांडवली, म्हणजे मोठ्या आणि टिकाऊ सामानाच्या खरेदीचं. यांचं पुस्तक वेगळं, डीपीएम, म्हणजे संरक्षण खरेदी नियमपुस्तिका. ते २००९ पासून चालत होतं आणि नवं १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालं. भांडवली खात्यात जायला ढोबळमानाने वस्तूची किंमत दहा लाखांच्या वर आणि आयुष्य सात वर्षांच्या वर लागतं.

आता दुसरा प्रवेश आठवा. महसुली खात्यातले पैसे संपलेले असतात, भांडवली खात्यात पडून असतात, आणि तारीख असते फेब्रुवारीची. तेव्हा अवर सचिव किटलीचं नाव बदलून ‘उच्चस्थानीय उष्णपेय निर्मिती प्रणाली’ करतो. प्रणाली म्हटल्यावर तिला सुटे भाग, प्रशिक्षण, देखभाल करार आणि सिम्युलेटर लागतो. बघता बघता किटली दहा लाखांच्या वर जाते आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. किंमत वाढली म्हणून आनंद होणारा हा प्रवेश लिहिताना आम्हाला सर्वांत मजा आली.

फेब्रुवारी मुद्दाम आहे. वर्षअखेरीस घाईघाईने खर्च उरकणं हा वित्तीय शिस्तीचा भंग आहे, असं केंद्राच्या २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. मार्च मात्र दरवर्षी येतोच. उलट बाजूही आहे : २०२४-२५ मध्ये संरक्षणाच्या भांडवली खर्चासाठी १.७२ लाख कोटी ठेवले होते, आणि सुधारित अंदाजात ते १.६० लाख कोटींच्या खाली आले. पैसे उडवणं जितकं वाईट, तितकंच ते वेळेत खर्च न होणंही.

६. एवढ्या मोठ्या नाटकात लाच खाणारा एकही नाही. घाबरलात का?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, तेव्हा जरा सविस्तर.

दलाल, ब्रीफकेस, परदेशातलं बँक खातं हे सगळं आणलं असतं तर प्रेक्षक खलनायकाला शिव्या घालून मोकळ्या मनाने घरी गेला असता. एक माणूस पकडला की संपलं. आमच्या नाटकात प्रत्येक जण प्रामाणिक आहे, वेळेवर ऑफिसला येतो, नियमाप्रमाणे वागतो, आणि तरीही किटली अडकून पडते. आम्हाला जास्त भीतीदायक हे वाटलं, आणि जास्त विनोदीही.

बोफोर्सचंच घ्या. मार्च १९८६ मध्ये ४१० तोफांचा करार झाला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये स्वीडिश रेडिओवर लाचखोरीची बातमी आली, आणि त्यानंतरचं राजकारण सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण पडद्यामागे काय झालं? १५५ मिलिमीटरची नवी परदेशी तोफ घ्यायच्या कागदावर सही करायला कोणी धजेना. निविदा निघाल्या, रद्द झाल्या, कंपन्या काळ्या यादीत गेल्या. एम ७७७ या १४५ हलक्या तोफांचा करार झाला तो नोव्हेंबर २०१६ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. मधल्या काळात १९९९ला कारगिल झालं, आणि जिच्या नावाने शिमगा झाला तीच तोफ तिथे कामाला आली.

किंवा कलवरी पाणबुडी. डिसेंबर २०१७ मध्ये ती नौदलात दाखल झाली, पण तिच्यासाठी ठरवलेले नवे जड टॉर्पेडो तिच्याजवळ नव्हते. ते ज्या उद्योगसमूहाकडून यायचे, तो व्हीआयपी हेलिकॉप्टर प्रकरणात अडकला आणि २०१६ मध्ये टॉर्पेडोंची खरेदी रद्द झाली. भ्रष्टाचाराला शिक्षा व्हायलाच हवी, यात वाद नाही. पण ती शिक्षा शेवटी कोणाच्या डोक्यावर बसते, हे कोणत्याच फाइलच्या कोणत्याच रकान्यात लिहावं लागत नाही.

सही केली तर चौकशी होऊ शकते. सही न केल्याबद्दल आजवर कोणाची चौकशी झाल्याचं आमच्या ऐकिवात नाही. अख्खा पहिला अंक या दोन वाक्यांवर उभा आहे.

७. पण खऱ्या आयुष्यात असं होतं का? एखादं उदाहरण द्या, किटलीचं नको.

रायफलचं देतो. एकाच रायफलला दोन वेगवेगळ्या व्यासांच्या नळ्या बसल्या पाहिजेत, अशा निकषाची निविदा २०११ मध्ये निघाली. चाचण्यांत एकही कंपनी टिकली नाही आणि २०१५ मध्ये सगळं रद्द. त्याच सुमारास संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर जाहीरपणे म्हणाले होते की आपले निकष कधीकधी मार्व्हलच्या कॉमिक्समधून उचलल्यासारखे असतात. मंत्रीच असं बोलले, मग आम्ही बापुड्यांनी काय अतिशयोक्ती करायची?

दुसरं, बुलेटप्रूफ जॅकेटं. १,८६,१३८ जॅकेटांची गरज २००९ मध्ये मान्य झाली आणि करार झाला एप्रिल २०१८ मध्ये, ६३९ कोटींचा. मधल्या काळात चाचण्या फसल्या, आणि २०१६ला पन्नास हजार जॅकेटं तातडीची म्हणून वेगळी घ्यावी लागली.

८. एका किटलीवर एवढी टेबलं? हे मात्र रचलेलं वाटतं.

टेबलांचा आकडा आमचा आहे, प्रवृत्ती जुनी आणि साहेबाची आहे. १९५५ मध्ये पार्किन्सन या इंग्रज इतिहासकाराने ब्रिटिश नौदलाचे आकडे मांडले. १९१४ ते १९२८ या काळात मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या. त्याच काळात नौदल मुख्यालयातले अधिकारी २,००० वरून ३,५६९ झाले. जहाजं कमी झाली म्हणून कामाला वेळ मिळाला असावा.

९. अमेरिकेची ४३५ डॉलरची हातोडी आणि ६४० डॉलरची टॉयलेट सीट खरी आहे का? मध्यंतराआधी एक पात्र त्यावर बोलतं.

बातम्या खऱ्या, १९८०च्या दशकातल्या. पण दोन्हींमागे एकेक तपशील आहे, आणि त्याने विनोद कमी न होता वाढतो. ती ‘सीट’ म्हणजे बसायची कडी नव्हती. पी-३ ओरायन विमानातल्या शौचकूपावरचं मोठं साच्यातलं प्लास्टिकचं आवरण होतं ते, आणि अशी थोडीच बनवायची असल्याने महाग पडलं. हातोडीची गोष्ट तर हिशेबनीसांची आहे. कंत्राटदाराने अभियांत्रिकीचा आणि व्यवस्थापनाचा खर्च यादीतल्या प्रत्येक वस्तूवर सारखा वाटला, मग वस्तू इंजिनाचा भाग असो की हातोडी. त्यामुळे कागदावर हातोडी भयंकर महाग झाली आणि गुंतागुंतीची यंत्रं स्वस्त दिसली. चोरी कुठेच नाही, फक्त भागाकार चुकीच्या जागी केला. आमचं पात्र हे सगळं समजावून सांगतं, आणि ऐकणारा साहेब विचारतो, “म्हणजे हातोडी घ्यायची की नाही?”

१०. पाणबुडी गोदीत मावत नाही, ही रेडिओवरची बातमी तुम्ही रचली ना?

हीच एक रचलेली नाही. स्पेनच्या एस-८० पाणबुडीचं वजन ठरल्यापेक्षा सत्तरहून जास्त टन जादा भरल्याचं २०१३ मध्ये उघड झालं. कुठेतरी दशांशचिन्ह चुकीच्या जागी पडलं, असं तेव्हा सांगितलं गेलं. तरंगावी म्हणून ती साधारण दहा मीटरने लांब केली. मग लक्षात आलं की कार्ताहेनाच्या तळावर ती नीट मावत नाही, म्हणून तळ वाढवायला घेतला. नौदलाच्या ताब्यात पहिली पाणबुडी आली २०२३ मध्ये.

याहून जुनं हवं असेल तर स्वीडनचं वासा जहाज. बंदरातच तीस माणसांना या कडेवरून त्या कडेवर पळवून चाचणी घेतली, जहाज इतकं डुलायला लागलं की पळापळ थांबवावी लागली. तरीही राजाला घाई होती म्हणून १० ऑगस्ट १६२८ ला ते निघालं आणि दीड किलोमीटरही न जाता बुडालं. चौकशी झाली, शिक्षा कोणालाच झाली नाही. आमच्या चौकशी समितीच्या प्रवेशातला “दोष वाऱ्याचा” हा निष्कर्ष आमचा आहे, पण मूळ भावना स्वीडिश आहे.

११. ऑडिटर शेवटी येतो आणि सगळं बरोबर सांगतो. मग तो आधीच का येत नाही?

कारण लेखापरीक्षण खर्चानंतर होतं, त्याचं कामच ते आहे. कॅगच्या अहवालांत संरक्षणावर अनेक धारदार पानं आहेत. कारगिलसाठी तातडीने मागवलेल्या सामानापैकी बहुतेक सामान लढाई संपल्यावर पोचलं, हे कॅगनेच २००१च्या अहवालात मांडलं. आमचा ऑडिटर म्हणूनच पांढरी छत्री घेऊन येतो : पाऊस पडून गेलेला असतो. एका प्रेक्षकाने हे पात्र कॅगचा अपमान आहे असं कळवलं. आमच्या मते नाटकात पूर्ण वाक्यं बोलणारा तो एकटाच आहे.

१२. इतके नियम आहेत म्हणूनच घोळ होतो. सगळे काढून टाकले तर?

१९४८ला जवळपास तसंच झालं होतं. काश्मीरच्या लढाईसाठी जीप हव्या होत्या. लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीशी करार केला, सुमारे ८० लाखांचा. पैशांचा मोठा भाग आधीच दिला गेला, जीप आल्या १५५, आणि त्या वापरण्याजोग्या नसल्याची तक्रार झाली. संसदेत गदारोळ झाला, १९५५ मध्ये सरकारने प्रकरण बंद केलं. स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला संरक्षण घोटाळा तोच. प्रत्येक नियमाच्या मागे असं एखादं प्रकरण पुरलेलं असतं. अडचण ही की जीपसाठी केलेला नियम किटलीलाही लागतो.

१३. तीन किटल्या आल्या, दोन नापास झाल्या, एक पास. मग ती का घेतली नाही? हे समजलंच नाही.

प्रयोगात हे फार भरभर जातं, मान्य. एकच कंपनी उरली की तिला ‘सिंगल व्हेंडर’ परिस्थिती म्हणतात. स्पर्धा नाही, म्हणजे किंमत योग्य कशावरून? निकष तिच्यासाठीच कापून बेतले नाहीत कशावरून? या शंका रास्त आहेत. पण त्यांमुळे अनेक प्रकरणं मागे घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली आहेत. म्हणून पास झालेली किटली परत जाते, आणि नापास झालेल्या दोन्हींना पुन्हा बोलावणं जातं.

१४. मराठीत या विषयाला काही आधार आहे, की सगळं इंग्रजीतून उचललं?

लष्करी उधळपट्टीवरचा सर्वांत चांगला मराठी मजकूर नाटकातला नाही, तो पत्र आहे. १६७०च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ हलवर्णच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं. पावसाळ्यासाठी साठवलेलं दाणागवत आताच मनमानी खाऊन टाकाल तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेकडे जाल आणि रयत म्हणेल, यापेक्षा मोगल बरे. पुढे तर गवताच्या गंजीजवळ दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथपर्यंत सूचना आहेत. एका पानात साठा, शिस्त, आग आणि जनमत. आमचा अवर सचिव हे पत्र वाचून म्हणतो, “उत्तम आहे, पण उंदराची व्याख्या दिलेली नाही.”

१५. भाषा हिंदी-मराठी अशी सरमिसळ का? शुद्ध मराठी का नाही?

इंदूरच्या मराठी घरात स्वयंपाकघरात एक भाषा आणि दारात आलेल्या भाजीवाल्याशी दुसरी असते. शिपाई “क्या भिया” म्हणूनच बोलणार. फाइलवरची भाषा मात्र आम्ही मुद्दाम अतिशुद्ध ठेवली आहे.

१६. आम्हाला वडोदऱ्यात (किंवा ग्वाल्हेरला, पुण्याला) प्रयोग करायचा आहे. परवानग्या काय लागतात?

आमची लेखी संमती, आणि ती मोफत आहे. इंग्रजांचा १८७६चा नाट्यप्रयोग कायदा २०१८ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात प्रयोग करणार असाल तर संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल, तेवढा वेळ हाताशी ठेवा. गावाचे संदर्भ बदलायला हरकत नाही : वडोदऱ्यात किटलीची चाचणी महूऐवजी सयाजीबागेत घ्या. वडोदरा समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, तेव्हा ९८ अंशांचा संवाद काढावा लागेल.

गणवेशाबद्दल मात्र जपून. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी गणवेश घालणं हा गुन्हा आहे. रंगमंचावर तो हेतू नसतो, पण प्रयोगानंतर त्याच कपड्यांत छप्पन दुकानला पोहे खायला जाऊ नका. लष्कराने २०२२ मध्ये आणलेल्या नव्या लढाऊ गणवेशाच्या नक्षीचे हक्कही राखीव आहेत, ती शिवून घेऊ नका. आम्ही साधा खाकी सदरा वापरतो, पदचिन्हं काल्पनिक आहेत.

१७. तातडीच्या खरेदीत हे सगळं बाजूला ठेवता येतं. मग नायब सुभेदार तोच मार्ग का धरत नाही?

मार्ग खरा आहे. २०१६चा उरीचा हल्ला, २०१९चं बालाकोट, २०२०चं गलवान, प्रत्येक वेळी सेनादलांना तातडीचे अधिकार मिळाले. २०२० मध्ये एका प्रकरणाला ३०० कोटींपर्यंत. वर्षानुवर्षं अडकलेल्या काही गोष्टी तेव्हा काही महिन्यांत आल्या. पण घाईतही हात पोळतात : कारगिलच्या वेळच्या शवपेट्यांची खरेदी कॅगच्या अहवालात आली, प्रकरण सीबीआयकडे गेलं, आणि २०१३ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपींना दोषमुक्त केलं. इतकी वर्षं ज्यांनी सह्या केल्या ते तारखांना जात होते. (सही न करणाऱ्यांबद्दल प्रश्न ६ पाहा.)

नाटकात नायब सुभेदार हा मार्ग विचारतोच. त्याला उत्तर मिळतं की तातडी सिद्ध करायला शत्रूची हालचाल दाखवावी लागेल. तो म्हणतो, शत्रू रोज चार वाजता समोरच्या टेकडीवर चहा पितो, दुर्बिणीतून त्याची किटली दिसते. यावर दिल्लीहून पत्र येतं : शत्रूच्या किटलीचे तांत्रिक निकष तीन प्रतींत पाठवावेत.